पहिल्या तवशाचा देठ

दडपे पोहे माझे आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या धाकट्या जावेच्या अंगणात ते केळीच्या पानावर वाढले जातात तेव्हा खाणारी माणसं तिचं कौतुक करतात. चोचवलेलं तवसं माझं. नारळाच्या दुधातला चिबूड माझा. मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर तर थेट माझ्या माहेरची. पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घराच्या वळणाला, जावेनं पाटी लावली आहे: 'चुलीविना जेवण'. खाली बारीक अक्षरांत, तेल नाही, दूध नाही, शिजवणं नाही. आश्विन लागला की मुंबई-पुण्याच्या गाड्या त्या पाटीपाशी थांबतात. मी महाडच्या बाजारात माझ्या भाजीच्या गाळ्यावर बसून हे ऐकते आणि माझा जळफळाट होतो. लपवून काय करू?

मी त्या घरची थोरली सून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि डोंगरातलं भात दोन बिऱ्हाडांना पुरण्यासारखं नव्हतं. धाकटा दीर बायकोला घेऊन मुंबईला गेला, मी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन महाडला उतरले. आधी रस्त्याच्या कडेला बसले, मग पत्र्याखाली, मग स्वतःच्या गाळ्यात. पुरात गाळा बुडाला तेव्हा चिखल उपसला आणि पुन्हा तिथेच बसले. कुणी हात दिला नाही. दिला असता तर त्याचाही मी भाव केला असता. शेतकरी मला पाहिलं की आधी हसतो आणि मग सुस्कारा टाकतो. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. त्या जिभेनंच मला पोसलं.

पण सणाला मी वर घरी जायचे. विशेषतः नव्याच्या पुनवेला, म्हणजे आश्विनातल्या पौर्णिमेला, जेव्हा नवं भात घरात येतं. त्या दिवशी आमच्या घरात चूल निजते. आदल्या संध्याकाळी तिला सारवायची, वर रांगोळीचं बोट ओढायचं, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नव्या तांदळाची खीर चढेपर्यंत तिच्यात काडी घालायची नाही. भावकीत दुसऱ्या कुणाकडे ही रीत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "वरीसभर ती आपल्यासाठी जळते. येक दिस निजू दे तिला." मग त्या दिवसाचं जेवण कच्चं. दूधही नाही, कारण त्या दिवशी गाईचं सगळं दूध वासराचं. फोडणी नाही म्हणून तेल नाही. मुंबईच्या लोकांनी याला इंग्रजी नावं दिलीत, व्हीगन म्हणे आणि रॉ म्हणे. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. चूल निजलीय, एवढंच.

सकाळी दाराला नवं बांधायचं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, कुरडूचे तुरे. ते झालं की घरच्या मांडवावरचं पहिलं तवसं कापायचं. तवसं म्हणजे पावसाळी काकडी, कोपरभर लांब, हातात धरली की वजन कळणारी. त्याआधी वेलावरची तवशी विकावीत, गणपतीला पाठवावीत, पण घरातल्या कुणी चाखायची नाहीत. पुनवेला जी बाई पहिलं तवसं कापते, तिनं देठाकडचा तुकडा आधी स्वतः खायचा. देठ कडवट असतो, कधी तर अख्खं तवसंच कडू निघतं. निघालं तरी तिनं तोंड वाकडं करायचं नाही, थुंकायचं नाही, आणि तो शब्द तर उच्चारायचाच नाही. तुकडा संपवायचा, ते तवसं हळूच बाजूला सारायचं, दुसरं घ्यायचं. बाकीच्यांना कळलं तरी त्यांनी कळलं नाही असं करायचं. नव्याच्या दिवशी घरात कडू निघालं असं कुणी म्हणता कामा नये.

हा मान घरातल्या थोरल्या बाईचा. सासूबाईंनी तो वर्षानुवर्षं सांभाळला, सासरे गेल्यावरही. म्हणजे विधवेला चालत नाही असला प्रकार आमच्याकडे नाही, हे लक्षात घ्या. मग त्यांचे हात थरथरायला लागले. त्या वर्षी नवं बांधून झालं, सगळे पडवीत बसलो, मी विळीच्या जवळ बसले होते. सासूबाईंनी विळी ढकलली. ती सारवलेल्या जमिनीवरून खरखरत आली, माझ्या गुडघ्याला घासली आणि पुढे गेली. माझ्या पलीकडे धाकटी बसली होती, मुंबई सोडून नुकतीच परत आलेली.

"तू काप गो," सासूबाई म्हणाल्या.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, मला कळलं. मी बाजारात बसते, चार पुरुषांत ओरडते, कमरेला पिशवी बांधते. अशा बाईच्या हातचं नवं नको असेल. ती विळी माझ्या गुडघ्याला अजून लागते, आणि त्यानंतर कैक वर्षं पुनवेला मी वर गेलेच नाही.

आणि ही धाकटी कोण? लग्न होऊन आली तेव्हा तिला तवसं कापता येत नव्हतं. सँडविचला लागतात तशा गोल चकत्या करायला बसली. मी आधी पोटभर हसले, मग शिकवलं. तवसं सोलून डाव्या तळहातावर आडवं धरायचं, उजव्या हातातल्या सुरीनं त्यावर बारीक बारीक घाव घालायचे, टच टच टच, मग वरचा थर पातळ कापून ताटात पाडायचा. पुन्हा घाव, पुन्हा थर. याला चोचवणं म्हणतात. किसलेल्या काकडीचा गाळ होतो, चोचवलेली दाताखाली कुरकुरते. त्यात खवलेलं ओलं खोबरं, मिठात चुरडलेली हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर. घाटावरून ओल्या शेंगा आल्या असतील तर त्यांचे दाणे कच्चेच ठेचून. मीठ पानावर वाढायच्या वेळी, आधी घातलं की पाणी सुटतं. पोरीनं बोटं कापून घेतली, रडली, पण शिकली. आज तिचा हात असा चालतो की पाहुण्या बायका मोबाइल धरून उभ्या राहतात. त्या मोबाइलमध्ये मी कुठेच नाही.

गेल्या आश्विनात, पुनवेच्या चारआठ दिवस आधी, तिचा फोन आला.

"वयनी, माकडांनी मांडव उतरवला. तवशी सगळी गेली बघा. आणि पुनवेला गेस्ट हायत, फुल बुकिंग."

"मंग मी काय करू? माकडांना समजावू?"

"तुम्ही आणाल का महाडवरनं? तुमच्यासारखा माल दुसऱ्या कुणाला मिळतच नाय."

गोड बोलणारं गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं. पण त्याला गरज आहे हेही त्याच वेळी कळतं. गरज दिसली की मी भाव सांगते.

"आणते. एक पैसा नको. पण पुनवेला पहिलं तवसं मी कापणार."



"ते आईंना विचारावं लागेल, वयनी."

"विचार. फोन चालू ठेवून विचार."

तिनं विचारलं. मला नुसती कुजबुज ऐकू आली. मग म्हणाली, "आई म्हणतात, घेऊन ये म्हणावं."

घेऊन ये म्हणावं. यात हो नाही की नाही नाही. बाजारात असल्या उत्तराला मी सौदा ठरला असं कधी धरत नाही, समोरच्याला दोनदा वदवून घेते. त्या दिवशी मात्र धरलं. हवं ते ऐकू आलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

तुडीलला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे सावित्रीकाठच्या गाळात अजून तवशी होती. मी स्वतः गेले. माझी पारख सोपी आहे. प्रत्येक ढिगातलं एक उचलायचं, देठ मोडायचा, दाताखाली धरायचा, थुंकायचा. जीभ लगेच सांगते.

"मावशी, किती थुकाल? अंगणात वेल उगवंल," म्हातारा म्हणाला.

"गोड देशील तर गिळेन."

"तुमाला गिळताना अजून पाह्यलं नाय मी. इतकी वर्सं झाली."

"तुझा मालच तसा. हे काय, हे तवसं हाय की दोडका?"

"घ्या मंग दोडक्याच्या भावात!"

असं तासभर चाललं. शेवटी पोतं भरलं तेव्हा त्यात एकही वाकडं, पिवळं, जून तवसं नव्हतं. म्हातारा घामाघूम झाला होता आणि मी खूश होते. एवढा माल मी कुणा हॉटेलवाल्यालाही कधी निवडून दिलेला नाही.

पुनवेच्या सकाळी पहिल्या जिपेनं निघाले. वाटेत कापडे गावच्या खाचरांत हळवं, लवकर पिकणारं भात कापून पसरलेलं होतं, उरलेलं पिवळं उभं होतं. ऊन असं की जिपेच्या पत्र्याला हात लावता येईना. आश्विनातलं हे ऊन पित्त खवळवतं, म्हणून या दिवसांत थंड, ओलं, नारळाचं खावं असं सासूबाई म्हणतात. माझं पित्त बाराही महिने खवळलेलं असतं, त्याला नारळ पुरत नाही.

सासूबाई पडवीत बसल्या होत्या. मी पोतं त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्याचं तोंड सोडलं.

"आये, बघा माल."

त्यांनी एक तवसं हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं. "गोड असतील."

"चाखून आणल्यात."

"ते कळलं," त्या म्हणाल्या. "पाव्हण्यांना व्हतील. पयलं मात्र घरच्या येलाचं लागतं गो. बाजारचं नाय चालत."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. रीत मला तोंडपाठ आहे. पण वेल संपला म्हटल्यावर मी धरून चालले की रीतही वाकणार. "येल माकडांनी खाल्ला ना?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. दीर पत्र्यावर चढला होता. वेलाची एक फांदी मांडवावरून तिकडे गेली होती, तिच्या वाळक्या पानांखाली एक तवसं उरलं होतं. त्यानं ते खाली आणलं. वीतभर, मधेच बारीक झालेलं, एका अंगानं पिवळं. ओरबाडलेल्या वेलाचं, तापलेल्या पत्र्यावर पाण्यावाचून अडकलेलं फळ. मी ते गाळ्यावर फुकटातही ठेवलं नसतं. ते कसं निघणार हे मला बघताक्षणी कळलं. बोलले नाही. त्या दिवशी तो शब्द काढायचा नसतो. तेवढी रीत मी पाळली.

पाहुणे आतल्या खोल्यांतून उठून अंगणात आले होते. त्यांत एक आखूड केसांची बाई होती, गळ्यात कॅमेरा, हातात मोबाइल, प्रत्येक गोष्टीचं का आणि कसं विचारणारी. मला खोबरं खवायला बसवलं होतं. माझ्याच पदार्थांसाठी मी खोबरं खवत होते आणि धाकटी उभी राहून सांगत होती.

चिबूड आधीच मुरायला ठेवला होता. हे फळ याच दिवसांत येतं, बोट लावलं की रवाळ चुरा होतो. साल काढून फोडी करायच्या, नारळाच्या पहिल्या घट्ट दुधात किसलेला गूळ विरघळवायचा, वेलची, चिमूटभर मीठ, आणि फोडी त्यात सोडून मातीच्या भांड्यात कोनाड्यात ठेवायच्या. दुसऱ्या, पातळ दुधात भिजवलेल्या आमसुलांचं पाणी, मीठ, ठेचलेली मिरची आणि कोथिंबीर घातली की झाली सोलकढी. मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून मिठात चुरडायचा, उग्रपणा जातो, मग त्यात मोड आलेले मूग, खोबरं आणि लिंबू. यात अवघड काय आहे? काहीच नाही. म्हणून तर राग येतो. अवघड असतं तर म्हणाले असते, चला, बाईनं कष्ट केले.

मग पोहे. नव्या भाताचे, पातळ. परातीत पोहे, त्यावर खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, जरासा गूळ. नारळाचं पाणी मुठीनं शिंपडायचं आणि हलक्या हातानं चोळायचं. मग वर ताट उपडं घालून त्यावर वजन ठेवायचं, पोहे आपल्याच ओलीत मऊ होतात. म्हणून ते दडपे. धाकटीनं ताटावर पाण्याचा तांब्या ठेवला.

"तांब्यानं काय दडपतंय गो?" मी म्हणाले. "वरवंटा ठेव. पोहे हायत ते, माशी नाय झाकायची."

"वरवंटा ठेवला की लगदा होतो, वयनी. गेस्टना लगदा आवडत नाय."

"माझ्या हातचा कधी झाला नाय लगदा."

"तुमचा हात वेगळा."

हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात कॅमेऱ्यावाली वाकून म्हणाली, "पण पोहे तर भाजलेल्या भाताचे असतात ना? मग रॉ कसे?"

मी असते तर म्हणाले असते, खायचं तर खा. धाकटी हसली. "भाजले ते काल, ताई. आज घरात आग नाही. चूल झोपलीय, हळू बोला."

बाई इतकी खूश झाली की तिनं हळू आवाजात तेच वाक्य दुसऱ्या पाहुणीला सांगितलं. मग विचारलं, "हे सगळं शिकलात कुणाकडून?"

खवणीवरचा माझा हात थांबला. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमच्या घरची रीतच आहे ही," ती म्हणाली.

मी खोबऱ्याच्या वाटीला असा जोर दिला की बोट खवणीवर गेलं. रीत! रीतीनं तुझा हात धरून तवसं चोचवायला शिकवलं होतं का? रीत तुझी बोटं बांधत बसली होती का? बोट तोंडात धरून मी गप्प बसले, कारण मला विळी हवी होती. विळी मिळाली की मग सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर, घरची थोरली कोण हे आपोआप दिसणार होतं. पोहे कुणाचे हे वेगळं सांगायची गरज उरली नसती.

दाराला नवं बांधून झालं. सगळे पडवीत जमले. मी सासूबाईंच्या डाव्या हाताला, विळीला खेटून बसले. पाटावर ते पिवळट तवसं ठेवलेलं होतं. सासूबाईंनी विळीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाकटे, घे."

"आये!" माझा आवाज माझ्याआधी उठला. "सौदा झालता."

"कसला सौदा?"

"तवशी आणली तर मी कापणार."

"मी म्हनलं घेऊन ये. कापशील म्हनलं का?"

"मंग थोरली कोण ह्या घरात?"

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कॅमेऱ्यावालीनं कॅमेरा खाली केला, मग थोडा वर केला. दीर उठून उगाच गाईकडे गेला.

"थोरली तूच," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "कोन नाय म्हनलं? पन तुझ्या तोंडात काय टिकतं का गो? जल्माची थुकत आलीस. ग्वाड टिकत नाय तुझ्या तोंडात, मंग दुसरं कसं टिकंल?"

दुसरं म्हणजे काय ते त्या बोलल्या नाहीत. त्या दिवशी बोलत नाहीत.

  एवढी वर्षं मी त्या विळीमागे बाजार, पिशवी, चार पुरुषांतलं ओरडणं हेच कारण धरून बसले होते. आणि कारण माझ्या तोंडातच होतं. तरी सांगते, तेव्हा मला शहाणपण आलं नाही, रागच आला. मनात म्हटलं, काप. काप आणि खा. बघू तुझ्या तोंडात किती टिकतं.

धाकटीनं विळी पायाखाली घेतली, तवसं कापलं. देठाचा तुकडा तिनं चांगला बोटभर घेतला. हात सढळ, मुंबईचा. कसलेली बाई अंगठ्याच्या नखाएवढा घेते. तिनं अर्धा तुकडा तोंडात घातला, अर्धा हातात राहिला.

विकणाऱ्याचं तोंड वाचणं हा माझा धंदा आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तोंडावर काहीच नाही. भुवई हलली नाही, ओठ हलला नाही. फक्त तिच्या पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीत रुतला आणि तिथे शेणाचा पापुद्रा निघाला. तिनं गिळलं. गळ्याची शीर उठली आणि बसली. हातातला अर्धा तुकडा तसाच होता, आणि रीत सांगते की तुकडा संपवायचा.

"कशी आहे चव? सांगा ना!" कॅमेऱ्यावाली पुढे सरकली. "एक मिनिट, व्हिडिओ चालू आहे."

धाकटी बोलली नाही. तिला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर गिळलेलं वर आलं असतं. डोळ्यांत पाणी जमत होतं आणि ती पापणी न हलवता ते तिथेच धरून होती. मी एक शब्द बोलले असते तर तिची पाटी, तिचं जेवण, तिचा मान, सगळं त्या पाहुण्यांपुढे आडवं झालं असतं. शब्द माझ्या जिभेवर होताच.

मग मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या धाकटीकडे बघत होत्या. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. गाळा घेतला तेव्हा नाही, पुरानंतर पुन्हा बसले तेव्हा नाही. लेकीला कळा येत असताना आई बघते तसं बघत होत्या. आणि मला त्या नजरेचा हेवा वाटला. विळी तिला, पाहुणे तिला, पोहे तिचे, आणि आता हेही तिलाच? या घरातला कडू वाटासुद्धा?

मी हात पुढे केला. "दे इकडं. थोरलीचा वाटा असतो."

तिच्या बोटांतून तुकडा ओढला आणि तोंडात टाकला.

कडुनिंब मी खाल्लाय, काढे प्यायलेत. हे त्यांच्या पलीकडचं होतं. जिभेच्या मुळाशी कुणी चिमटा घेऊन पिरगाळावा तसं. माझे गाल आपोआप फुगले. सवयच ती, जन्मभराची. जिभेवर आलं की बाहेर. समोर अंगण होतं, तोंड तिकडेच वळलं. सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर पडला, नेमका विळी लागली होती तिथे. मी तोंड वळवून परत आणलं. चावलं. गिळलं. पुन्हा वर आलं, पुन्हा गिळलं.

कॅमेरा आता माझ्याकडे होता. "आजी, तुम्ही सांगा. कशी आहे?"

आजी! तो हिशेब नंतर करू म्हटलं.

"घरची हाय," मी म्हणाले.

तोवर धाकटीनं पिवळं तवसं पाटाखाली सरकवलं होतं आणि माझ्या पोत्यातलं एक ओढून मांडीवर घेतलं होतं. टच टच टच, सुरी चालायला लागली. पाहुण्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. चोचवलेलं तवसं पानांवर गेलं, सगळ्यांनी वाहवा केली, काय गोड काकडी तुमच्या वेलाची, म्हणाले. माझ्या पोत्यातली, तुडीलच्या म्हाताऱ्याशी तासभर भांडून आणलेली. मी ऐकत होते. माझं तोंड अजून इतकं कडू होतं की बोलायची सोय नव्हती.

पानं उठल्यावर मी मागच्या दारी गेले. धाकटी तिथे जोत्यावर बसून सोलकढीचा तांब्या तोंडाला लावत होती. मला बघून तिनं तो माझ्यापुढे केला. मी घटाघटा प्यायले.

"वयनी," ती म्हणाली, "तुम्हाला बघूनच कळलं होतं ना?"

"पत्र्यावरनं उतरतानाच."

"मंग सांगितलं का नाय?"

"आज तो शब्द काढत नाय."

ती इतकी हसली की ठसका लागला. मी तिच्या पाठीवर मारलं, जरा जोरातच. ठसका थांबल्यावर म्हणाली, "गेल्या साली पण असंच होतं. त्याच्या आधीच्या साली तर आख्खी रात उलट्या. आईंनी पाठ चोळली."

"एकटीनंच खाल्लंस?"

"मंग कुणाला देणार?"

मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी महाडला बसून तिच्या त्या मानाचा विचार करत होते, आणि वरती ही दर पुनवेला हे गिळून पाहुण्यांना हसून वाढत होती. वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. सासूबाईंनी पाठ चोळली, हे माझ्या मनात अडकलं. माझी कुणी चोळली नव्हती.

"पुढल्या साली अर्धा मला," मी म्हणाले. "आणि नीट मधोमध काप. आज मोठा तुकडा माझ्याकडे आला."

"तुम्हीच ओढलात, वयनी."

"तू धरून ठेवायचास."

"तुमच्या हातातनं कुणी काय धरून ठेवलंय का आजवर?"

आतून सासूबाई ओरडल्या की दिवेलागण होत आली, चूल उठवायचीय, दोघी काय भांडता. धाकटी उठली. मी तांब्याच्या तळाशी राहिलेली सोलकढी संपवली. पोहे माझे आहेत हे तिला तेव्हाच सांगायचं होतं, पण ती आत गेली होती, आणि परात धुवायला माझ्यासाठी ठेवली होती.